वाट्याची कोंबडी

१

सन १९६३, कार्तिक महिना. भात कापून झोडून झालं होतं, गवताच्या उडव्या रचून झाल्या होत्या आणि सकाळी कर्लीच्या खाडीवर धुकं बसायला लागलं होतं.

संध्याकाळी कोंबड्या झाकायचं काम माझं. मुलगे मुंबईला गिरणीत. घरात मी आणि बायको जानकी. पण हे काम मी तिलाही करू देत नसे. दिवे लागायच्या आधी मूठभर कणी घेऊन खळ्यात उभं राहायचं, जिभेने टकटक करायचं, की कोंबड्या असतील तिथून धावत यायच्या. कणी टिपायच्या आणि आपापल्या खुराड्यात शिरायच्या. मी फळी लावून वर दगड ठेवायचो. गेली पाच-सहा वर्षं असंच.

त्या संध्याकाळी टकटक केली तर फक्त बांड्या, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या कोंबड्या आल्या. काळ्यांतली एकही नाही.

मी उभा राहिलो. काही वेळाने काळ्या आल्या, पण धावत नाही. दक्षिणेच्या दगडी गडग्याला एक भगदाड होतं, त्यातून एकीमागून एक, जेवणावळीतून उठून आल्यासारख्या सावकाश आल्या. सगळ्यांच्या मागे काळा नर. समोरच्या कणीकडे कुणी पाहिलंही नाही. एकीला उचलून तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. टच्च भरलेली होती. दगडासारखी.

कुणीतरी माझ्या कोंबड्यांना खायला घालत होतं. दुसऱ्याची कोंबडी कुणी फुकट पोसत नाही.

२

हे इतकं मनाला का लागलं ते सांगायला हवं.

आमच्या घराला गावच्या राखणेचा मान. वेशीवरच्या राखणदाराला वर्षाचा कोंबडा आमच्या घरून जातो, देवदिवाळीनंतरच्या रविवारी. तो काळा लागतो. नुसता वरून काळा नव्हे. पाय काळे, नखं काळी, जीभ काळी. गावचे मुख्य मानकरी भाई गावकर पंख उचलून फुंकर मारतात आणि पिसांच्या मुळाशी बघतात. तिथे पांढरं दिसता कामा नये. कोंबडा विकतचा चालत नाही, घरच्या वेताचा लागतो. माझ्या वडिलांनी दिला, मी दिला. कधी बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

सत्तावन्न साली सरकारी गाडी गावात आली. गावठी नर द्या आणि विलायती पांढरा घेऊन जा, अंडी वाढतील, असं सांगत होते. मी दिला. अंडी वाढली, हे खोटं नाही. पण पांढऱ्याच्या मुली खुडूक बसेनात, पिल्लं कुणी बांडी, कुणी राखी, कुणी पिवळ्या पायांची. तो पांढरा रोगाने मेला, पण रक्त मागे ठेवून गेला. साठ सालच्या राखणेला मी त्यातल्या त्यात काळा नर नेला. भाई गावकरांनी फुंकर मारली आणि एक पांढरं पीस उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. सगळा गाव बघत होता.

"म्हादू, ह्यां काय?"

मी पिसावर मूठ मिटली.

"तीन वर्सां दितंव तुका. जात सुदार. नायतर मान हरीच्या घराक जातलो."

हरिश्चंद्र, म्हणजे हरी, माझा शेजारी. त्याच्याकडेही काळी कोंबडी होती. तिची जात त्याच्या सासुरवाडीची, दोडामार्गाकडची. मागितली असती तर त्याने दिली असती. मी मागितली नाही.

माझ्याकडे पांढरा येण्याआधीची एकच कोंबडी उरली होती. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिच्यावर तिचाच लेक घातला. त्या वेतातली पांढरं मिरवणारी पिल्लं वेगळी काढली. मग नातू घातला, मग पणतू. माणसांत जे पाप ते कोंबड्यांत औषध. लोक हसले, मी हसू दिलं. शेवटच्या वेताला एक नर निघाला. त्याचं एकूण एक पीस मी उलगडून पाहिलं, तोंड उघडून जीभ पाहिली. काळोखासारखा होता. ह्या वर्षी भाई गावकरांची मुदत संपत होती आणि माझ्याकडे तो एक होता.

आणखी एक गोष्ट. पहिल्या वेताच्या काळ्या चरता चरता मधेच मान वर करून थांबत. दुसऱ्या वेताच्या खुराड्यात दक्षिणेला तोंड करून बसत. हे मला तेव्हाच दिसत होतं. घार असेल म्हणून मी आभाळाकडे बघत होतो.

३

दुसऱ्या दिवशी हरी त्याच्या परड्यात नारळ सोलत होता. मी कुंपणावरूनच विचारलं.

"हरी, माझ्या कोंबडेंक काय घालतंस?"

"माती." तो हसला. "माझीच उपाशी आसत, तुझ्येंक खंयसून घालू?"

"तुका मान व्हयो."

"व्हयो तर गावाकडे मागान घेईन मेल्या. कोंबडी फसवून कित्याक? तुझ्या घरात काय खजिनो लागलो काय, दाणे टाकून चोरूक?"

"मगे ती खंय खातत?"

त्याने कोयता खाली ठेवला. हसणं थांबलं.

"थंय," तो म्हणाला. हनुवटीने त्याने दक्षिणेकडे दाखवलं. "त्या ओसाड भाटल्यात."

"तुया बघतंस वाटता रोज?"

"बघूक कशाक व्हयां? दिसता. माझी कोंबडी त्या गडग्याकडे जायनत नाय. माझो कुत्रो सुदा जायना नाय. तुजी मात्र लग्नाक गेल्यासारखी जातत."

खोटं बोलणारा माणूस एवढं बोलत नाही. पण हरी लबाडही होता. लबाड माणूस खरं बोलून खोटं लपवतो. मी त्याच्यावरचा संशय काढला नाही.

४

दुपारच्या जेवणानंतर मी गडग्याच्या सावलीला जाऊन बसलो. कोंबड्या काजीखालचा पाचोळा उकरत होत्या, काळ्या आणि बांड्या मिसळून. खाडीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. दुसरा आवाज नव्हता.

एकाएकी काळ्यांच्या माना वर झाल्या. सगळ्यांच्या एकदम, एकाच बाजूला. मीही कान दिला. कपडे आपटल्याचा आवाज, बस्स.

मग त्या धावल्या. पंख अर्धे उघडून, एकमेकींना ढकलत. दाणे टाकल्यावरच कोंबडी अशी धावते. बांड्यांनी मान उचलली नाही. त्या पाचोळा उकरत राहिल्या, जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. मलाही आलं नव्हतं.

मी भगदाडातून पलीकडे गेलो. भाटल्यात, म्हणजे त्या टाकून दिलेल्या वाडीत, कमरेएवढं वाळलं गवत. मधे कुणाच्या तरी घराचं जुनं जोतं, चिऱ्यांची एक चौकट उरलेली. त्यावर माझ्या कोंबड्या अर्धगोल करून उभ्या होत्या आणि टिपत होत्या. चोच खाली जात होती, गळा हलत होता, घास आत जात होता. जमिनीवर मला काही दिसत नव्हतं.

मुंग्या असतील. वाळवी असेल. माझी नजरही आता पूर्वीची नाही.

पण नर खाली टोचत नव्हता. मान वर करून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, रिकाम्या हवेत टोचत होता. हळू, जपून. हातावरून खाणारा कोंबडा तळव्याला लागू नये म्हणून टोचतो, तसा.

मी टकटक केली. एकानेही वळून पाहिलं नाही.

मी पुढे झालो तेव्हा त्या बाजूला सरल्या. माझ्यासाठी नाही. आधीच कुणी उभं असताना त्यात आणखी एक माणूस आला की सरतात तशा. मी खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. सगळीकडे गवत आणि जोत्यावर एक पातं नाही. जमीन गुळगुळीत, सारवलेली. कोंबड्यांनीच रोज उकरून साफ केली असेल, असं मी मनाला सांगितलं. पण कोंबडी उकरते तिथे खड्डे पडतात. हे माहीत असायला शाळा लागत नाही.

५

मी काळ्यांतली एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, कापली. पाहुणा नव्हता, सण नव्हता. जानकीने विचारलं नाही, पण आतडी काढताना तिने हाक मारली.

"अवो, हडे येवा जरा."

तिने गळ्याची पिशवी चिरून पाटावर उलटी केली होती. भात होतं. अख्खं, लालसर, आणि प्रत्येक दाण्याला बोटभर लांब काटा.

"ह्यां कसला भात? कुसळां बघा कितकी मोटी. आमच्या माहेराक असला नाय."

जानकीचं माहेर वरच्या अंगाला, सावंतवाडीकडे. तिला ते कुठून दिसणार? मी ओळखलं. ते खारीतलं भात. खाडीच्या काठी बांध घालून केलेल्या खारट जमिनीत तेवढंच भात होत असे. लहानपणी झोडणीच्या वेळी त्याची कुसळं माझ्या पायात मोडलेली आहेत. मी दहा-बारा वर्षांचा असताना बांध फुटला आणि सगळी खार पाण्याखाली गेली. तिथे आता कांदळाची झाडं आहेत, खेकडे आहेत. ते भात नंतर कुणी पेरलं नाही. पेरायला बियाणंच राहिलं नाही.

"उंदरान खंयतरी साठवलेला असतला," मी म्हणालो.

"उंदरान?" जानकीने एक दाणा नखाने सोलला. "नवा आसा वो. औंदाचा."

मी दाणे उचलून चुलीच्या निखाऱ्यांवर टाकले. तडतडले, फुटले, पांढऱ्या लाह्या झाल्या. खरं भात होतं. भास असता तर फुटला नसता.

त्याच दुपारी मी हरीच्या घरी गेलो. न विचारता आत शिरून त्याच्या कणगीचं झाकण उचललं. आत हात घातला. साधं वरकस भात, कुसळ नसलेलं. हरीची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"काय गमावलां तुमचा?" तिने विचारलं.

मी झाकण ठेवलं आणि घरी आलो.

६

भगदाड मी चिऱ्यांनी बुजवलं. कोंबड्या गडग्यावरून उडून जायला लागल्या.

मग त्या परत येईनाशा झाल्या. आधी म्हातारी. सगळा भाटला पालथा घातला. पीस नाही, रक्त नाही, मुंगसाच्या पायाचा ठसा नाही. मग शेवटच्या वेतातली एक, मग तिची बहीण. ज्यांत पांढऱ्याचं रक्त थोडं उरलं होतं त्या येत राहिल्या. चोख होत्या त्या गेल्या. माझ्या हाताने तीन वर्षं मी जी निवड केली होती, तीच कुणीतरी पुढे करत होतं आणि माझ्याहून चांगली करत होतं.

नराला मी घरात आणला. पडवीत डालग्याखाली झाकला आणि वर पाटा ठेवला. तो ओरडला नाही, धडपडला नाही. दक्षिणेच्या बाजूच्या काड्यांना चोच लावून उभा राहिला. दाणे ठेवले, खाल्ले नाहीत. गूळ-तांदूळ ठेवला, मासळीचं डोकं ठेवलं. नाही. छातीचं हाड हाताला लागायला लागलं. राखणेचा रविवार जवळ येत होता, आणि उपाशी मेलेला कोंबडा राखणदाराला चालत नाही.

राखणेसाठी माझी बहीण आनंदी वालावलहून आली. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली, जिभेने सरळ. तिने गाठोडं ठेवलं, पाणीही घेतलं नाही, आणि डालग्याला कान लावला. मग काड्यांतून आत पाहिलं.

"ह्यो खंयसून हाडलंस?"

"घरचो आसा. मिया केलंय. तीन वर्सां मेहनत घेतलंय, बाय."

"तुया केलंस? ह्यो सुभद्रेचो कोंबो."

"कोण सुभद्रा?"

"त्या भाटल्यातली. तुया पाळण्यात हुतंस. एका पावसात ती आणि तिची पोरां तापान गेली. तिची काळी कोंबडी बाबान वाट्यान घेतलेली. तीच ही जात."

वाट्याने देणं आमच्याकडे अजून आहे. ज्याची कोंबडी असते तो ती दुसऱ्याला पाळायला देतो आणि वेत मोठा झाला की निम्मा निम्मा करतात. पहिला उचलायचा हक्क मूळ धन्याचा. तो उचलत असताना पाळणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं. कुठली जावी आणि कुठली राहावी असं वाटतंय, ते त्याच्या तोंडावर दिसू नये म्हणून.

"वाटो घातलो मगे?" मी विचारलं.

"कोणाक घालतलो? घरात दिवो लावक माणूस रवला नाय. बाबा म्हणालो, बघूया. मगे बाबा गेलो."

"इतकी वर्सां कोणी मागूक नाय, आणि आताच?"

"बाबाच्या वेळेक पण सांजची कोंबडी थंय जायत आणि पोट भरून येयत. झाकूक बाबाच जाय, तुका काय म्हायत? बाबा म्हणी, जावंदेत, तिच्या घरची आसत. मगे तुया पांढरो हाडलंस आणि ती जात गेली." तिने डालग्याकडे पाहिलं. "आता तुयाच परत हाडलंस."

मला राग आला. "ह्यां तुका हरीन शिकवल्यान?"

"हरीक काय म्हायत? तो तेवा जन्माक तरी इलेलो?" आनंदीने कमरेवर हात ठेवले. "लहानपणापासून असोच तुया. आंथरुण तुया ओला करीस आणि संशय मांजराचो."

जानकी आत हसली. मी हसलो नाही. त्या रात्री जेवलोही नाही. सुभद्रेचं कुणी नव्हतं. मागायला कुणी नव्हतं. जिचं कुणी नाही तिचा वाटा द्यायचा कुणाच्या हातात?

सकाळी डालगं उचललं तेव्हा कोंबडा बसला होता. उभं राहायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. मान मात्र दक्षिणेलाच.

७

शनिवारी ऊन उतरायला लागल्यावर मी दोन डालगी घेतली. एकात नर, एकात उरलेल्या काळ्या.

"आणि उद्या राखणेक काय?" जानकी दारात आडवी उभी राहिली. "तिना कोंबोच उचलल्यान तर?"

"गप रव."

"तुमच्या बापाशीन दिल्यान नाय, तुमी कित्याक देतास?"

"त्येनी नाय दिल्यान म्हणान," मी म्हणालो.

ती बाजूला झाली.

जोत्यावर डालगी ठेवली. झाकणं काढली. कोंबड्या बाहेर आल्या आणि उकरल्या नाहीत, पांगल्या नाहीत. नरही उठला. मी त्यांच्याकडे पाठ केली. तोंड माझ्या घराकडे होतं. कौलांतून चुलीचा धूर निघत होता.

"वाटो घालूक इलंय," मी मोठ्याने म्हणालो. आवाज माझाच, पण लाजल्यासारखा वाटला. "हक्क तुजो पयलो."

कोंबड्या जाऊ देत, असं माझ्या मनात होतं. सगळ्या गेल्या तरी चालतील. कोंबडा राहू दे. हे तोंडावर दिसलं असतं. म्हणूनच पाठ करायची असते.

बराच वेळ काही नाही. मग आवाज आला. मी काढतो तशी टकटक नव्हती ती. ओठ मिटून घशातून काढलेला बारीक आवाज, पोर मांडीवर घेऊन बाई काढते तसा. इतके दिवस ज्याला माझ्या कोंबड्या माना वर करत होत्या तो हाच असणार. तो माझ्या अगदी मागे होता, हात लांब केला असता तर लागला असता.

हरीची बायको असेल. हरीने तिला पाठवली असेल. मी आयुष्यभर संशयावर घर राखलं आहे. मी मान वळवली.

जोत्यावर कुणी नव्हतं. कोंबड्या माना ताणून वर बघत होत्या, सगळ्या एकाच जागी, माझ्या खांद्याच्या उंचीला. आणि नर जमिनीवर नव्हता. तो कमरेच्या उंचीवर होता. पाय पोटाशी घेतलेले, शेपूट मागे लोंबतं, मान पुढे, डोळा अर्धा मिटलेला. काखोटीला मारलेला कोंबडा असतो तसा, निवांत. त्याच्या पाठीवरची पिसं मानेपासून शेपटीपर्यंत दबत होती. पुन्हा वर येत होती. पुन्हा दबत होती.

मी तोंड परत घराकडे केलं. धुराकडे बघत राहिलो. मागची कलकल थांबेपर्यंत हललो नाही.

वळलो तेव्हा निम्म्या कोंबड्या होत्या. नर नव्हता.

रविवारी सगळा गाव वेशीवर जमला. भाई गावकर माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. हरी त्याचा कोंबडा धरून मागे उभा होता. तो खाली बघत होता.

"म्हादू, कोंबो खंय?"

"वाट्यात गेलो."

"कोणाच्या?"

"सुभद्रेच्या," मी म्हणालो. "बाबान घेतलेलो वाटो. फिटलो."